युद्धभूमीवरच्या वार्ताहराची थरारक कादंबरी कशी लिहावी

९ सप्टेंबर २००१. उत्तर अफगाणिस्तानात तालिबानविरोधी सेनापती अहमद शाह मसूद यांची मुलाखत घ्यायला दोन माणसं आली. पत्रकार म्हणून ती कित्येक दिवस तिथे मुक्काम ठोकून होती. कॅमेरा लावला, प्रश्न वाचून दाखवले आणि बॉम्ब फुटला. मसूद गेले. आलेले दोघं पत्रकार नव्हतेच, मारेकरी होते.

परदेशी वार्ताहराला नायक करून थ्रिलर लिहायची असेल तर या प्रसंगापाशी थोडं थांबा. पत्रकार म्हटलं की एरवी बंद असलेली दारं उघडतात. सेनापती समोर बसतो, कैदी बोलायला लागतो, एखादी आई गेलेल्या मुलाचा फोटो आणून हातात ठेवते. सगळा व्यवसाय या विश्वासावर उभा आहे, आणि तो विश्वास कुणीही वापरून घेऊ शकतं. कादंबरीतला थरार इथून उगवतो. गोळीबारही लागेल, पण त्याचा नंबर नंतरचा.

खाली मी एक काल्पनिक कथानक हाताशी धरून काम कसं करायचं ते दाखवतो. क्रम शक्यतो मोडू नका, निदान पहिल्या दोन पायऱ्यांचा तरी.

आधी बातमी लिहा, मग कादंबरी

या प्रकारातले बरेच खर्डे पहिल्या पानावर स्फोटाने सुरू होतात आणि साठाव्या पानाच्या आसपास अडकतात. नायिका धावते, लपते, पुन्हा धावते. पण ती नेमकी कशाच्या मागे आहे हे लेखकालाच ठाऊक नसतं. म्हणून पहिल्या दिवशी पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नका. नायिका शेवटी जी बातमी पाठवणार आहे, ती बातमी लिहून काढा. साधारण ४०० शब्द. मथळा, ठिकाण, वार, पहिल्या परिच्छेदात मुद्दा, खाली पुरावा आणि ज्यांच्यावर ठपका आहे त्यांचं म्हणणं. उद्याच्या अंकात छापता येईल इतकी पक्की, विशेषणं न लावता.

आपण घेतलेली बातमी अशी: एका देशात सरकार आणि बंडखोर यांच्यात शस्त्रसंधी झाली आहे. सह्या होऊन आठवडाही झालेला नाही. पण येत्या गुरुवारी सरकारच ती मोडणार आहे. पुरावा काय? जिल्हा रुग्णालयाच्या भांडारातली नोंदवही. वरून तोंडी आदेश आला आहे की गुरुवारपर्यंत ६० खाटा रिकाम्या करा, सलाईन आणि रक्ताच्या पिशव्या दुप्पट मागवा. भांडारपालाने सवयीने तो आदेश तारखेसह वहीत उतरवून ठेवला. शांततेच्या आठवड्यात कुणी ६० खाटा रिकाम्या करत नाही.

पुरावा म्हणून मी मुद्दाम वही घेतली. लाल शिक्का मारलेली गुप्त फाइल वाचकाने शंभरदा पाहिली आहे. शिवाय फाइल चोरावी लागते. वही कुणीतरी विश्वासाने दाखवते, आणि दाखवणारा लगेच धोक्यात येतो. रुग्णालयातली नोंद, शवागाराची यादी, स्फोटानंतर उरलेल्या तुकड्यावरचा उत्पादन क्रमांक, विमानाच्या शेपटीवरचा नोंदणी क्रमांक, शस्त्रं नेमकी कुणासाठी घेतली हे सांगणारं प्रमाणपत्र: खऱ्या शोधपत्रकारितेत अशाच रोजच्या, कंटाळवाण्या कागदांवरून मोठी प्रकरणं बाहेर येतात.

आता लिहिलेली बातमी समोर घ्या आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे छापलं तर कुणाच्या जिवावर बेतेल? उत्तर समासात लिहा. ‘रुग्णालयाला आदेश मिळाला’ या वाक्यासमोर भांडारपाल. ‘६० खाटा’ या आकड्यासमोरही तोच, दुप्पट ठळक, कारण हा आकडा त्या वहीखेरीज कुठेही नाही. ‘सीमेवरच्या एका सैनिकाने सांगितलं’ या वाक्यासमोर तो सैनिक. समासात जमलेली ही माणसं तुमच्या कादंबरीतली खरी पात्रं. एखाद्या वाक्यासमोर कुणाचंच नाव आलं नाही, तर ते वाक्य कथानकाच्या उपयोगाचं नाही.

यानंतर बातमी कशी पिकत जाते त्याचे टप्पे मांडा. आधी ती कानावर येते. मग डोळ्यांनी काहीतरी दिसतं. मग कागद हाती लागतो. मग दुसरा स्वतंत्र स्रोत शोधावा लागतो, कारण एकाच माणसाच्या शब्दावर कोणताही जबाबदार संपादक अशी बातमी सोडत नाही. आणि शेवटी, ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना उत्तराची संधी द्यावी लागते.

हा शेवटचा टप्पा थ्रिलर लिहिणारे बहुतेकजण वगळतात, याचं मला फार वाईट वाटतं. इथे नायिकेला स्वतःहून फोन उचलून शत्रूला सांगावं लागतं की मला काय माहीत आहे. ती सरकारी प्रवक्त्याला विचारते, “गुरुवारसाठी रुग्णालयाला काही सूचना गेल्या आहेत का?” प्रवक्ता म्हणतो, संध्याकाळपर्यंत कळवतो. त्या क्षणापासून तिकडे फितूर कोण याचा शोध सुरू होतो आणि इकडे घड्याळ. पत्रकारितेचा साधा नियम पाळल्यामुळे एका माणसाचा जीव टांगणीला लागला. याहून चांगला पेच बाहेरून आणून बसवता येणार नाही.

कोणतं युद्ध, कोणतं साल

खरं युद्ध घेतलंत तर तारखा तुमच्या हातात राहत नाहीत. बोस्नियातल्या साराजेव्होचा वेढा ५ एप्रिल १९९२ पासून २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १,४२५ दिवस चालला. परदेशी वार्ताहर ज्या हॉलिडे इन हॉटेलात राहत, ते स्नायपरांच्या माऱ्यातल्या मुख्य रस्त्यालाच लागून होतं. गाडी भरधाव आणून थेट तळघरातल्या पार्किंगमध्ये घालावी लागे. विमानतळाखालचं भुयार १९९३ मध्ये झालं. तुमचं पात्र १९९२ च्या हिवाळ्यात त्या भुयारातून गेलं, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. खऱ्या युद्धावर लिहायचं तर दिनदर्शिका भिंतीवर लावा आणि एकच शहर, एकच ऋतू, फार तर सहा आठवडे एवढंच घ्या.

काल्पनिक देश घेतलात तर मोकळीक मिळते, पण आळस शिरतो. वाळवंट इथलं, दाढ्या तिथल्या, जंगल तिसरीकडचं असा काला होतो. दोन पानांचा आराखडा करा: राज्य कुणाचं, कधीपासून, दोन भाषा कोणत्या, नोटांवर कुणाचा चेहरा, पाऊस कधी, राजधानीतून सीमेपर्यंत किती तास, कोणता पूल पडला की वाट बंद होते. त्या पुलाचा तुम्हाला फार उपयोग होईल.

साल ठरवणं म्हणजे बातमी बाहेर कशी जाणार हे ठरवणं. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांनी लिहिलेला मजकूर लंडनला पोहोचून छापून यायला आठवडे लागत. व्हिएतनाममध्ये फिल्मचे रोल विमानाने पाठवावे लागत. १९९१ च्या आखाती युद्धात बगदादच्या हॉटेलातून बॉम्बवर्षावाचं वर्णन जगाने थेट ऐकलं. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा शेकडो पत्रकार सैन्याच्या तुकड्यांबरोबरच फिरत होते. त्यांना दिसत होतं जवळून, पण एकाच बाजूने. आज खिशातल्या फोनवरून सगळं जातं, आणि त्याच फोनवरून तुमचा माग लागतो. प्रत्येक काळात अडथळा वेगळा. आपलं कथानक आजचं धरू.

नायिका कुणाची, तिचे पैसे कोण देतं

‘वार्ताहर’ एवढंच लिहून भागत नाही. ती पगारी आहे, स्ट्रिंगर (एखाद्या वृत्तपत्राला नेमाने, पण बातमीगणिक पैसे घेऊन लिहिणारी) आहे की फ्रीलान्स, म्हणजे पूर्ण स्वतंत्र? पगारी असेल तर मागे कार्यालय, विमा, बुलेटप्रूफ गाडी आणि ‘आज बाहेर पडू नकोस’ म्हणणारा वरिष्ठ असतो. फ्रीलान्स असेल तर जाकीट उसनं, विमा बहुधा नाही, आणि बातमी विकली गेली नाही तर हॉटेलचं बिल स्वतःच्या खिशातून. थ्रिलरला फ्रीलान्स जास्त मानवते: तिच्या प्रत्येक धोक्याच्या निर्णयात पैशाची निकड असते आणि ती निकड तिला स्वतःशीही कबूल करवत नाही.

तिच्या हाती बंदूक देऊ नका. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या ७९ व्या कलमानुसार युद्धक्षेत्रातला पत्रकार हा नागरिक असतो. लढाईत भाग घेतला की ते संरक्षण जातं. तिने एकदा जरी गोळी झाडली, तरी पुढच्या नाक्यावर ‘प्रेस’ लिहिलेलं जाकीट घालून येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं जाईल. हा मोह प्रसंगातच उभा करा: बंदूक तिच्या पायाशी पडलेली आहे, कुणीतरी मरणार आहे, आणि ती उचलत नाही. वाचक तिच्यावर रागावला तरी चालेल.

पत्रकाराला हेर समजलं जाण्यामागे इतिहास आहे. किम फिल्बी स्पेनच्या यादवीत लंडनच्या टाइम्सचा वार्ताहर होता, बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने वार्तांकन करत होता, १९३८ साली फ्रँकोकडून पदकही मिळवलं, आणि त्याच वेळी सोव्हिएत गुप्तचरांसाठी काम करत होता. रिखार्ड सोर्गे टोकियोत जर्मन वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून वावरला. १९४१ मध्ये पकडला गेला, १९४४ मध्ये फासावर गेला. सीआयएने मान्यताप्राप्त अमेरिकी वार्ताहरांशी पैशांचे संबंध ठेवणार नाही असं जाहीर केलं ते १९७६ साली. म्हणून चौकशी अधिकारी नायिकेला “तू खरी कुणासाठी काम करतेस?” असं विचारतो तेव्हा त्याला खलनायकी हसू देऊ नका. त्याच्या जागी त्याचा प्रश्न रास्त आहे.

फिक्सर

परदेशी वार्ताहराबरोबर जो स्थानिक माणूस असतो त्याला या धंद्यात फिक्सर म्हणतात. मॅच फिक्सिंगशी त्याचा काही संबंध नाही. तो दुभाषा असतो, अनेकदा चालकही असतो, भेटी ठरवतो, कोणत्या रस्त्याने जायचं ते सांगतो, कुणासमोर काय बोलू नये ते शिकवतो. दिवसाच्या हिशेबाने रोख पैसे मिळतात. बातमीवर नाव बहुतेक वेळा त्याचं नसतं. वार्ताहर विमानात बसून जाते आणि तो तिथेच राहतो, त्याच गल्लीत, बातमी वाचून चिडलेल्या माणसांच्या शेजारी.

१७ एप्रिल १९७५ ला कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह पडली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सचे सिडनी शॅनबर्ग आणि इतर काही पत्रकार ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या सैनिकांच्या तावडीत सापडले. त्यांचे कंबोडियन सहकारी डिथ प्रान यांनी तासन्‌तास विनवण्या करून त्यांचे प्राण वाचवले. शॅनबर्ग यांना देशाबाहेर पडता आलं, प्रान यांना नाही. १९७६ साली शॅनबर्ग यांना पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, ते त्यांनी दोघांच्या वतीने स्वीकारलं. त्या वेळी प्रान जिवंत आहेत की नाहीत हेही त्यांना माहीत नव्हतं. प्रान १९७९ मध्ये थायलंडला पोहोचले. २००९ च्या सप्टेंबरमध्ये अफगाणिस्तानात सुलतान मुनादी हे पत्रकार परदेशी सहकाऱ्यासह पळवले गेले. सुटकेसाठी झालेल्या कारवाईत परदेशी सहकारी वाचला, मुनादी मारले गेले.

या घटना माहीत असूनही अनेक थ्रिलर फिक्सरला दोन विनोद आणि एक बलिदान एवढ्यावर उरकतात. तुम्ही त्याच्यासाठी वेगळी वही करा. तो आधी काय करायचा? घरी कोण आहे? कोणत्या बाजूला त्याचे नातेवाईक आहेत? नायिकेपासून तो कोणती एक गोष्ट लपवतो, आणि ती लपवणं त्याच्या दृष्टीने योग्य का आहे?

आपला फिक्सर पन्नाशीचा, आधी शाळेत भूगोल शिकवणारा. आता नाक्यावरचा प्रसंग घ्या. पहिल्या खर्ड्यात तो असा उतरतो:

‘सैनिकाने क्रूर नजरेने गाडीकडे पाहिलं. तिच्या काळजाचा ठोका चुकला. मृत्यू समोर उभा होता. पण फिक्सरने त्याला काहीतरी सांगितलं आणि त्यांना सोडण्यात आलं.’

यात काहीच दिसत नाही. क्रूर नजर, काळजाचा ठोका, समोर उभा मृत्यू, सगळं आयतं आणलेलं. आता तोच प्रसंग पुन्हा:

‘नाक्यावरचा पोरगा सतरा-अठराचा. बंदुकीचा पट्टा त्याला लांब होत होता, म्हणून मधोमध गाठ मारलेली. फिक्सरने काच पूर्ण खाली घेतली, आतला दिवा लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पोरगा वाकून बोलायला लागला. बराच वेळ बोलला. त्या बोलण्यातला एकच शब्द तिला ओळखता आला: मुलगी. फिक्सरने खिशातलं सिगारेटचं पाकीट काढलं आणि अख्खं त्याच्या हातात दिलं. गाडी निघाली.

“काय म्हणाला?”

“पुढे रस्ता मोकळा आहे म्हणाला.”

“एवढा वेळ?”

“तोतरा आहे बिचारा.”

पोरगा एकदाही अडखळला नव्हता. पुढच्या वळणावर फिक्सरने सवयीने सिगारेटसाठी खिसा चाचपला, आणि रिकाम्या खिशातच हात तसाच ठेवून एका हाताने गाडी चालवत राहिला.’

घडलं काय? तो पोरगा फिक्सरचा जुना विद्यार्थी. त्याने सांगितलं, सर, गुरुवारच्या आत तुमच्या मुलीला इथून हलवा. म्हणजे नायिकेला हवा असलेला दुसरा स्रोत तिच्यापासून दोन हातांवर उभा होता, आणि फिक्सरने तो तिच्यापासून लपवला. सांगितलं असतं तर ‘नाक्यावरच्या सैनिकाच्या माहितीनुसार’ एवढ्या शब्दांनी त्या पोराचा शोध लागला असता. वाचकाला हे दीडशे पानांनी कळू द्या. नायिकेला त्याहून उशिरा.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक साधन आपसूक मिळतं. हे दोघं बोलतात इंग्रजीत, पण कादंबरी मराठी. म्हणजे ते एकमेकांना तू म्हणतात की तुम्ही, हे तुम्हाला ठरवावंच लागतं. मी दोघांनाही ‘तुम्ही’ देईन. तो वयाने मोठा, ती पैसे देणारी, दोघांत अंतर आहे. पोरगा त्याला ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणतो, तो पोराला ‘तू’. आणि कादंबरीत एकदाच, नोंदवहीतला आकडा छापू नका म्हणून तो तिला अडवतो तेव्हा, “तुला कळत नाही का?” असं त्याच्या तोंडून निघून जाऊ द्या. त्यावर निवेदनात एक शब्दही लिहू नका. मराठी वाचकाला ते ऐकू येतं.

आवाज, वजन आणि वाट पाहणं

युद्धाचा तपशील चित्रपटातून घेतला की चुकतो. काही गोष्टी पक्क्या ठेवा.

रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते. ती जवळून गेली की चाबूक ओढल्यासारखा कडाका आधी ऐकू येतो, आणि बंदुकीचा दबका आवाज मागून येतो. ४०० मीटरवरून झाडलेल्या गोळीत या दोन आवाजांमध्ये साधारण अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं. सरावलेला माणूस त्यावरून अंतराचा अंदाज घेतो, नवखा मागे वळून बघतो. दूरच्या स्फोटाची चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात. फिक्सर ओठ हलवत मोजतोय असं दाखवलंत की त्याला किती वर्षांची सवय आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

मऊ बुलेटप्रूफ जाकीट पिस्तुलाची गोळी आणि लहान छर्रे अडवतं. रायफलसाठी पुढे-मागे कडक पट्ट्या घालाव्या लागतात. मग वजन दहा किलोंच्या आसपास किंवा वर जातं. ते घालून जिना चढताना धाप लागते, गाडीत बसलं की पट्टीची कड हनुवटीखाली येते. गाडीचा पत्रा रायफलची गोळी अडवत नाही. आडोसा घ्यायचा तर इंजिनाच्या बाजूने. हातापायातून रक्त उसळत असेल तर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, जखमेच्या वर घट्ट आवळतात आणि लावल्याची वेळ लिहून ठेवतात. ते आवळताना जखमी माणूस ओरडतो, सोड म्हणतो. तुमच्या पात्राला ते ऐकून न ऐकल्यासारखं करावं लागेल.

सॅटेलाइट फोनचं यंत्रही नीट समजून घ्या, कारण त्यातून प्रसंग मिळतात. भूस्थिर उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला अर्धा सेकंद जास्त लागतो आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसत राहतात. या फोनला उघडं आकाश लागतं. तळघरातून बोलता येत नाही. म्हणजे जीव वाचवायला खाली जायचं आणि बातमी पाठवायला गच्चीवर. शिवाय सिग्नलवरून जागा शोधता येते. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी सीरियातल्या होम्स शहरात पत्रकारांच्या तात्पुरत्या केंद्रावर तोफमारा झाला, त्यात वार्ताहर मेरी कोल्विन आणि छायाचित्रकार रेमी ओशलिक मारले गेले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एका न्यायालयाने त्यासाठी सीरियाच्या सरकारला जबाबदार धरलं. गच्चीवर जाण्याआधी तुमची नायिका एक मिनिट जिन्यात थांबली, तर ती का थांबली हे वाचकाला कळायला हवं.

आणि वाट पाहणं लिहा. परवान्याची, पूल उघडण्याची, फोनची. युद्धातले बरेच तास असे जातात. तीन पानं नुसती वाट पाहण्याची लिहून झाली की चौथ्या पानावरचा एक स्फोट वीस स्फोटांचं काम करतो.

अपहरण घालायचं असेल तर

घालायलाच हवं असं नाही. घातलंत तर खऱ्या रीतीने घाला. अशा वेळी कार्यालय अनेकदा बातमी दाबून ठेवतं, कारण गाजावाजा झाला की ओलिसाची किंमत वाढते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी पत्रकार डेव्हिड रोड आणि त्यांचे अफगाण सहकारी पळवले गेले. सात महिने ते कैदेत होते आणि त्यांच्या वृत्तपत्राने तेवढा काळ मौन पाळलं. माणूस जिवंत आहे हे ताडायला घरचे असा प्रश्न विचारतात ज्याचं उत्तर त्यालाच ठाऊक असेल. नायिकेच्या बाबतीत तो प्रश्न काय असेल, हे तिच्या आईशी झालेल्या एखाद्या आधीच्या फोनमध्ये सहज पेरून ठेवा.

बांधणी

दोन घड्याळं चालू ठेवा: गुरुवार, आणि कार्यालयाची डेडलाइन. दोन ठिकाणांच्या वेळेत फरक असतो, तो वापरा. तिथल्या संध्याकाळच्या बैठकीत ‘आकडा दे, नाहीतर बातमी आतल्या पानावर जाईल’ असं म्हणणारा उपसंपादक वाईट माणूस नाही. त्याला बातमी विश्वासार्ह हवी आहे. पण त्याच्यासाठी ६० हा एक आकडा आहे, आणि तिच्यासाठी तो एका माणसाचं अक्षर आहे.

मोठ्या कागदावर तक्ता करा: उभे रकाने प्रकरणांचे, आडव्या ओळी पात्रांच्या, आणि प्रत्येक चौकटीत त्या वेळी त्या पात्राला काय माहीत आहे ते. वाचकासाठीही एक ओळ ठेवा. सलग तीन प्रकरणांत वाचकाची ओळ आणि नायिकेची ओळ सारखीच असेल, तर तिथे ताण गेला आहे. कुणाला तरी काहीतरी आधी किंवा उशिरा कळायला हवं.

कारणाशिवायचा एक मृत्यूही ठेवा. रॉबर्ट कापा यांनी पाच युद्धांचं छायाचित्रण केलं, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, आणि २५ मे १९५४ रोजी इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून गेले. थ्रिलरला प्रत्येक घटनेमागे कट लागतो, युद्धाला लागत नाही. कटाशी काहीही संबंध नसलेलं एक माणूस असंच जाऊ द्या, आणि पात्रांना त्यात कट शोधत राहू द्या.

भाषा

‘रक्ताचा सडा’, ‘मृत्यूचं तांडव’, ‘आगीचे लोळ’ हे बातम्यांतून झिजलेले शब्द आहेत. एकही ठेवू नका. मेलेल्यांचे आकडे पात्रांच्या तोंडी असू द्या, निवेदनात माणसं असू द्या, नावासह आणि पायातल्या चपलेसह. खऱ्या युद्धात बळी गेलेल्या एखाद्या कुटुंबाचं दुःख उचलून जसंच्या तसं प्रसंगात घालू नका. ते लोक आहेत, आणि त्यांना विचारलेलं नाही.

शेवटचा खर्डा

पुनर्लेखनाला बसताना ती पहिल्या दिवशी लिहिलेली ४०० शब्दांची बातमी पुन्हा काढा. समासातलं प्रत्येक नाव कादंबरीत निदान तीनदा भेटतं का ते पाहा. भांडारपाल एकदाच वही दाखवून गायब होत असेल, तर त्याला आधी एकदा आणा: सलाईनच्या खोक्यांवर बसून डबा खाताना, ओळी सरळ याव्यात म्हणून पट्टी धरून लिहिताना.

मग शेवटचं प्रकरण. मी ते असं लिहीन. बातमी छापून आली आहे. नायिका विमानतळावर आहे, फिक्सरचा फोन लागत नाही. तिला तिथेच सोडा आणि रुग्णालयात परत या. भांडारपाल दारं लावून मोबाइलवर बातमी वाचतोय. आपलं नाव शोधतोय. नाव नाही, हुद्दा नाही, रुग्णालयाचाही उल्लेख नाही; तिने शब्द पाळला आहे. तो पुन्हा वरपासून वाचतो, या वेळी सावकाश, आणि चौथ्या परिच्छेदात त्याला ६० हा आकडा दिसतो. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी भांडाराची खोली कोणती म्हणून विचारत आहे.